पाणी नितळ, वजन गढूळ

अमेरिकेतला माणूस सदा घाईत असतो असा जगाचा समज आहे, आणि तो बराचसा खरा आहे. कॉफी तो गाडीतून न उतरता घेतो, बँकेतले पैसेही गाडीत बसूनच काढतो. पण याच माणसाला जानेवारी महिन्यात डेल हॉलो तलावावर पाहावं. टेनेसी आणि केंटकी या दोन राज्यांच्या सीमेवर हा तलाव पसरला आहे. सकाळची हवा शून्याच्या खाली, पाणी सहा-सात अंशांवर. अंगावर कपड्यांचे चार थर चढवलेला एक गृहस्थ होडीत उभा असतो. होडीला अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन असतं, त्या इंजिनाने तो ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने इथवर आलेला असतो. नाकाचा शेंडा त्या वाऱ्यात बधिर झालेला असतो. जागेवर पोचल्यावर तो इंजिन बंद करतो आणि पुढचा तासभर सुपारीएवढ्या एका तरंगत्या बोंडाकडे बघत राहतो. बोंड हलत नाही. तोही हलत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, आज झकास चाललंय.

हा सगळा खटाटोप स्मॉलमाउथ बास नावाच्या माशासाठी. काशासारखा तपकिरी रंग, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा, आणि गळाला लागला की पाण्याबाहेर तीन-तीन वेळा उडी घेणारा चिडका स्वभाव. जेम्स हेन्शल नावाच्या एका डॉक्टरने 1881 मध्ये या माशावर आणि त्याच्या भाऊबंदांवर चांगला जाडजूड ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतल्या उच्चभ्रू ट्राउटच्या पंक्तीत त्यांना पाट मांडून दिला. डॉक्टरांनी त्या काळात रोगी किती तपासले कुणास ठाऊक, पण माशांची नाडी त्यांना बरोबर सापडली होती.

माशाच्या शास्त्रीय नावाची कथा आणखी गमतीची आहे. फ्रान्सच्या लासेपेद या शास्त्रज्ञापुढे जो नमुना आला, त्याच्या पाठीवरचा पर फाटलेला होता. फाटून सुटलेलं टोक त्याने स्वतंत्र छोटा पर समजून मोजलं आणि 1802 साली माशाच्या कुळाला ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे छोट्या पराचा, असं नाव देऊन टाकलं. पुढे जोडलं दोलोमियू या खनिजतज्ज्ञाचं नाव, ज्याच्यामुळे डोलोमाइट दगडही ओळखला जातो. म्हणजे माशाचा पर छोटा नाही आणि त्याचा दगडाशी काही संबंध नाही. ज्या माशाच्या वजनावरून पुढे भांडण व्हायचं होतं, त्याचं बारसंच चुकीच्या मापावर झालं.

आता तलावाबद्दल. डेल हॉलो हे नैसर्गिक सरोवर नव्हे, धरणाचं पाणी आहे. लष्कराच्या अभियंता दलाने ओबी नदीवर दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 आणि 1943 मध्ये, हे धरण बांधलं. विलो ग्रोव्ह नावाचं एक अख्खं गाव त्यात गेलं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, हे पाहिलेल्या वाचकाला बुडालेलं गाव म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे पाणी इतकं नितळ असतं की पाणबुडे हौसेने खाली जातात आणि विलो ग्रोव्हच्या शाळेचा पाया बघून येतात. सुमारे 27,700 एकरांचा पसारा, हजारेक किलोमीटरचा वेडावाकडा काठ, काही ठिकाणी शंभर फुटांहून अधिक खोली, आणि काठाशी उभे कातळ.

नितळ पाण्याची तारीफ पर्यटन खात्याने करावी. गरवणाऱ्याला ते पाणी शत्रूसारखं असतं. माणसाला मासा दिसण्याआधी माशाला माणूस दिसतो, होडी दिसते, दोरा दिसतो, आणि गळाला लावलेलं आमिष कुठल्या दुकानातलं आहे हेही बहुधा कळत असावं. म्हणून दोरा वापरायचा तो चार ते सहा पौंड ताण सोसणारा, जवळजवळ अदृश्य. एवढ्याशा दोऱ्यावर पाच-सहा पौंडांचा चिडका मासा लागला की होडीत जे शब्द उच्चारले जातात, ते कुठल्याही मासिकाला छापता येणार नाहीत.

थंडीतच जायचं कशासाठी? हा प्रश्न गरवणाऱ्यांच्या घरी दर जानेवारीत विचारला जातो. उत्तर माशाच्या रक्तात आहे. माशाच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच असतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि भूक मावळते. उन्हाळ्यात जो बास भक्ष्याच्या मागे सुसाट धावतो, तो जानेवारीत पाण्याच्या मधल्या थरात, कातळापासून थोडा दूर, अधांतरी लटकून राहतो. खाली तीस-चाळीस फूट पाणी, वर दहा-बारा फूट पाणी, मध्ये हा. जेवण झाल्यावर वामकुक्षीला कलंडलेल्या माणसाइतकाच तो कामाला उपयोगी असतो.

पण त्या थरात एक छोटा रुपेरी मासा असतो, थ्रेडफिन शॅड. हा मूळचा उबदार पाण्यातला. पाणी पाच-सहा अंशांवर आलं की त्याला सोसवत नाही. तो भोवळ आल्यासारखा वेडावाकडा फिरतो, थरथरतो, मग जागच्या जागी तरंगत मरायला टेकतो. बासला एवढंच हवं असतं. धावायचं नाही, शिकार करायची नाही. नाकासमोर कुणीतरी अर्धमेलं येऊन थांबावं आणि आपण तोंड उघडावं. सुखवस्तू जीवनाची याहून स्वच्छ व्याख्या कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

या आळशी माशासाठी पूर्व टेनेसीतल्या लोकांनी एक पद्धत काढली, तिला ‘फ्लोट अँड फ्लाय’ म्हणतात. पद्धत ऐकायला बालिश वाटते. पिसांची किंवा कृत्रिम केसांची एक झुबकेदार फ्लाय, तिच्या डोक्यात दोन ते साडेतीन ग्रॅम शिशाची गोळी, आणि तिच्यावर आठ ते चौदा फुटांवर दोऱ्याला पक्कं अडकवलेलं एक तरंगतं बोंड. बोंड लाटेवर हलकेच डुलतं, खाली फ्लाय मरणोन्मुख शॅडसारखी थरथरते. ओढायचं नाही. हिसका द्यायचा नाही. वाऱ्याने पाण्यावर जराशी चुळबूळ असेल तर लाटच सगळं काम करते. पाणी आरशासारखं शांत असेल तर काठीच्या टोकाने बोंडाला अगदी अलगद जागं करायचं, इतकंच.

गंमत फेकताना कळते. बोंडाखाली बारा फूट दोरा लोंबकळतो आहे आणि तो लांब भिरकावायचा आहे. त्यासाठी काठीही नऊ-दहा फुटांची लागते. होडीत दोघे जण, दोघांकडे दहा फुटी काठ्या, दोघांच्या मागे बारा फूट लोंबणारा गळ, आणि कानटोप्यांमुळे दोघांनाही नीट ऐकू येत नाही. अनुभवी माणूस आधी मागे बघतो. अननुभवी माणसाची टोपी पाण्यात जाते. मासा लागला की आणखी एक पेच उभा राहतो. बोंड दोऱ्याला पक्कं बांधलेलं आहे, ते रिळात गुंडाळता येत नाही. बोंड काठीच्या शेंड्याला येऊन अडकतं, मासा त्याच्या खाली बारा फुटांवर, आणि होडीतला माणूस काठी आकाशाकडे उभी धरून, टाचा उंचावून, सोबत्याला जाळी पुढे करायला ओरडतोय. अशा वेळी काढलेले फोटो बहुतेक लोक लपवून ठेवतात.

मासा लागल्याची खूण मात्र नाजूक आहे. नवशिक्याला वाटतं, बोंड बुडकन खाली जाईल. जातंही कधी कधी. पण पुष्कळदा बास खालून येतो, फ्लाय तोंडात घेतो आणि वरच निघतो. खालचा भार नाहीसा झाला की बोंड बुडत नाही, आडवं होतं. पाण्यावर ते निवांत कलंडलेलं बघून नवशिका म्हणतो, ‘गुंता झाला वाटतं.’ गुंता झालेला नसतो. त्या हंगामातला सर्वांत मोठा मासा त्याच्या गळाची चव बघून, नापसंत करून, थुंकून निघालेला असतो.

यात थंडीचा स्वतःचा वाटा आहेच. काठीवर दोरा जाण्यासाठी ज्या कड्या असतात, त्यांत दोऱ्याबरोबर आलेलं पाणी गोठतं आणि भोक बुजतं. मग काठीचं टोक पाण्यात बुडवून बर्फ वितळवायचा. हे वाक्य वाचायला विचित्र वाटेल, पण खरं आहे: त्या सकाळी आसपासची सगळ्यांत उबदार गोष्ट म्हणजे ते सहा अंशांचं पाणी. काही जण कड्यांना ओठांना लावायचं मलम चोपडतात, काही जण स्वयंपाकघरातला तेलाचा फवारा उचलून आणतात. ओठ फुटलेले आणि मलम काठीला, असा हा कारभार. घरी अंडं तव्याला चिकटतं तेव्हा तेल कुठे गेलं याचा शोध कधीतरी लागतोच.

एवढं करून मासा हाती आला, तरी तो टोपलीत पडेलच असं नाही. तिथे कायद्याची पट्टी मध्ये येते. डेल हॉलोवर स्मॉलमाउथसाठी नियम असा की दिवसाला दोनच मासे ठेवता येतात: एक सोळा इंचांहून लहान आणि एक एकवीस इंचांहून मोठा. सोळा ते एकवीस इंचांमधला प्रत्येक मासा परत पाण्यात. यामागचा विचार शहाणपणाचा आहे. मधल्या वयाचे मासे अंडी घालतात, पिलं वाढवतात, तलावाचा संसार त्यांच्यावर चालतो. पण गरवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर लहान मासा न्यायची लाज वाटते, एकवीस इंची मासा आयुष्यात क्वचित भेटतो, आणि जो हटकून लागतो तो नेमका परत सोडायचा. त्यामुळे बहुतेक जण सगळेच मासे सोडतात आणि येताना गावातल्या हॉटेलात थांबून तळलेला कॅटफिश खातात. हा कॅटफिश बहुधा शेततळ्यात वाढवलेला असतो.

अलीकडे या खेळात एक नवी पीडा आली आहे. 2018 मध्ये गार्मिन कंपनीने होडीच्या पुढचं पाणी चालत्या चित्रासारखं दाखवणारं सोनार यंत्र बाजारात आणलं, आणि मग इतर कंपन्यांनीही. पडद्यावर मासा दिसतो, फ्लाय दिसते, दोघांतलं अंतर दिसतं. पूर्वी मासा नाही लागला तर दोष वाऱ्याला देता येई, चंद्राला देता येई, सोबत्याच्या बडबडीला तर हक्काने देता येई. आता पडद्यावर स्पष्ट दिसतं की मासा होता, तो फ्लायपाशी आला, त्याने ती निरखून पाहिली आणि तो मागे फिरला. नकार इतक्या तपशिलात बघायची सोय विज्ञानाने का करून दिली, हे कोडंच आहे. मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांत या यंत्रावरून बरीच भवति न भवति झाली आणि काहींनी त्याच्या वापरावर मर्यादाही घातल्या. होडीत उभा राहून पाण्याऐवजी पडद्याकडे बघणारा माणूस बघायला कोण येणार, हा प्रेक्षकांचा आक्षेप. तो अगदीच गैरलागू म्हणता येत नाही.

आता वजनाची गोष्ट.

स्मॉलमाउथ बासचा जागतिक विक्रम डेल हॉलोचाच आहे. केंटकीच्या लीचफील्ड गावचे डेव्हिड हेज सहकुटुंब तलावावर फिरत असताना, होडीमागे आमिष ओढत, त्यांना तो मासा लागला. वजन 11 पौंड 15 औंस, म्हणजे सुमारे 5.4 किलो. लांबी 27 इंच, घेर पावणेबावीस इंचांच्या आसपास. तारीख 9 जुलै 1955. जुलै! भर उन्हाळा, होडीत बायको-मुलं. पिसं नाहीत, बोंड नाही, गोठलेल्या कड्या नाहीत. ही तारीख थंडीच्या पंथातल्या लोकांसमोर काढू नये. ते विषय बदलतात.

त्या काळी गोड्या पाण्यातल्या माशांचे विक्रम ‘फील्ड अँड स्ट्रीम’ हे मासिक नोंदवत असे. विक्रम नोंदला गेला, चाळीस वर्षं सुखाने नांदला. मग 1996 मध्ये एक जुना कागद वर आला. माशाचं वजन झालं त्या सुमारास तलावावरच्या एका धक्क्यावर काम करणाऱ्या माणसाने ऑगस्ट 1955 मध्ये केलेलं प्रतिज्ञापत्र. त्याचा दावा असा की मासा खरा 8 पौंड 15 औंसांचाच होता आणि वजन करण्याआधी आपण त्याच्या पोटात तीन पौंड धातूचे तुकडे भरले होते. हेज यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, असंही त्यातून निघत होतं. एकेचाळीस वर्षं तो कागद सरकारी दप्तरात पडून होता. फायलीत कागद बुडवून ठेवायची कला भारतीय सरकारी कचेऱ्यांचीच मक्तेदारी आहे, असं मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एव्हाना विक्रमांची वही सांभाळणाऱ्या मासेमारीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने विक्रम रद्द केला. मुकुट कुठे गेला? तलावाबाहेर नाहीच. 1969 मध्ये जॉन गॉर्मन यांनी पकडलेला 10 पौंड 14 औंसांचा मासा पहिला ठरला, आणि तोही डेल हॉलोचाच. घरातल्या घरात वाटणी बदलावी तसा प्रकार. तलावाकाठच्या दुकानांच्या पाट्यांवरचा आकडा तेवढा खाडाखोड करून बदलायचा होता.

पण लोक माशाला विसरायला तयार नव्हते. पुन्हा चौकशी झाली, जुने फोटो आणि मापं तपासली गेली, आणि 2005 मध्ये, मासा पकडल्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, आंतरराष्ट्रीय संस्थेने विक्रम हेज यांना परत दिला. मापांचा मुद्दा तसा कुणालाही घरी बसून तपासता येतो. माशाचं वजन काट्याशिवाय काढायचं एक ढोबळ सूत्र गरवणारे वापरतात: घेराला घेराने गुणायचं, त्याला लांबीने गुणायचं, आणि आलेल्या आकड्याला 800 ने भागायचं. इंच घातले की पौंड मिळतात. हेज यांच्या माशाची मापं या सूत्रात घातली की उत्तर येतं जवळजवळ सोळा पौंड. सूत्र ढोबळ आहे, मान्य. पण 27 इंच लांब आणि इतक्या घेराचा मासा नऊ पौंडांचा कसा असेल, हे सांगणाऱ्याने आधी सांगायला हवं. तक्रार करायचीच होती तर मासा कमी भरला अशी करायला हवी होती. वर, ज्या माशाची ख्यातीच लहान तोंडासाठी, त्याच्या तोंडातून सव्वा किलोहून जास्त लोखंड कोणालाही न कळता आत गेलं, हे पचायला माशापेक्षा ऐकणाऱ्याला जड जातं.

या सगळ्यात एका माणसाबद्दल थोडी हळहळ वाटते. तलावाजवळच्या सेलायना गावचे बिली वेस्टमोरलंड. स्मॉलमाउथचे ते अमेरिकेतले नामवंत जाणकार. टीव्हीवर त्यांचा मासेमारीचा कार्यक्रम चालला, या ‘तपकिरी माशां’वर त्यांनी एक पुस्तक लिहिलं, आणि हयात डेल हॉलोवर घालवली. थंडी, वारा, रात्र, पहाट, कशालाही त्यांनी भीक घातली नाही. दहा पौंडांवरचा मासा त्यांनी पकडलाही. पण विक्रमाच्या कोष्टकात पहिलं नाव केंटकीहून सहकुटुंब सुट्टीला आलेल्या पाहुण्याचं आहे. माशाला कुणाची तपश्चर्या दिसत नाही, नितळ पाण्यातही नाही.

नॅशव्हिलपासून डेल हॉलो गाडीने दोनेक तासांच्या अंतरावर आहे. तिथे राहणाऱ्या कुणा मराठी वाचकाला जानेवारीत जायची हुक्की आलीच, तर राज्याचा मासेमारी परवाना आधी काढावा, आणि तलाव दोन राज्यांत आहे हे ध्यानात ठेवून कुठल्या राज्याच्या पाण्यात गळ टाकतोय ते नकाशावर बघून घ्यावं. जीवरक्षक जाकीट अंगातून काढू नये. सहा अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात, आणि चार थरांचे कपडे भिजले की वर चढणं अवघड. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत, एक भिजणारच. धक्क्यावरच्या दुकानात कुणी आपल्या माशाचं वजन सांगायला लागलं तर आधी लांबी विचारावी, मग घेर विचारावा, आणि खिशातून फोन काढून 800 ने भागावं.